मोरखिंडीतली तीन पाकिटं

लाखेची कांडी मेणबत्तीवर धरून मी पाकिटाच्या गाठीवर थेंब पाडत होतो. सर्जेराव समोर उभा होता. धुतलेला पांढरा शर्ट, केस पाणी लावून चापून बसवलेले. दवाखान्याच्या औषधखोलीत तो माझ्याही आधी येऊन थांबला होता.

"आता हे कोर्टात जाणार न्हवं, सायेब?" त्यानं विचारलं.

"एक पाकीट कोर्टात. एक सरकारी प्रयोगशाळेत तपासायला. आणि एक कंपनीला."

"कंपनीला कशाला? त्यांनीच तर केलंय हे."

"आमचा माल आम्हाला तपासू दिला नाही, असं उद्या त्यांनी म्हणू नये. कायदाच तसा आहे."

त्यानं मान हलवली. त्याला ते पटलं नव्हतं, पण त्यानं ऐकून घेतलं.

मी तेव्हा औषध निरीक्षक म्हणून नोकरीत नवाच होतो. मोरखिंडीचं ग्रामीण रुग्णालय घाटाच्या तोंडाशी होतं आणि सर्जेराव तिथल्या रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर. आदल्या वर्षी गवतकापणीच्या दिवसांत त्याच्या बायकोला, शेवंताला, घरामागच्या बांधावर घोणस चावली. त्यानंच तिला गाडीत घालून आणलं. डॉक्टर मेहजबीन नायकवडींनी सर्पदंशाची लस शिरेतून सुरू केली. थोड्याच वेळात शेवंताचे ओठ थरथरायला लागले, मग हुडहुडी भरल्यासारखं सगळं अंग उडायला लागलं आणि श्वास अडकला. विषाला माणूस मारायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या कितीतरी आधी ती गेली.

डॉक्टरांनी त्याच दिवशी वर लिहून कळवलं, की ह्या बॅचच्या लशीबद्दल संशय आहे, ती तपासावी. उरलेल्या कुप्या त्यांनी फ्रीजच्या तळच्या कप्प्यात वेगळ्या काढून ठेवल्या. त्यांचं पत्र ह्या खात्यातून त्या खात्यात फिरत राहिलं आणि माझ्या टेबलावर यायला पुढचा पावसाळा उजाडला. तोवर बाकीच्या दवाखान्यांतल्या त्याच बॅचच्या कुप्या वापरून संपल्या होत्या. तिकडून तक्रार आली नव्हती. तिकडे काही घडलंच नव्हतं, की घडूनही कुणी कळवलं नव्हतं, हे सांगता येत नव्हतं. त्या बॅचचं जे काही शिल्लक होतं ते मोरखिंडीच्या फ्रीजमध्ये. तीन पाकिटं जेमतेम भरतील एवढं.

"मग सध्या तुम्ही वापरता काय?" मी डॉक्टरांना विचारलं होतं.

"काही नाही. साप चावलेला आला की सलाईन लावते आणि सर्जेराव गाडी पळवतो जिल्ह्याला."

"नवी लस मागवली नाहीत?"

"मागवली. उत्तर येतं की संगणकावर तुमचा साठा शिल्लक दिसतो. मी म्हणते, तो वापरायचा नाहीये. ते म्हणतात, तसा आदेश दाखवा. आदेश तुमच्या खात्यानं काढायचा आणि लस त्यांच्या खात्यानं द्यायची."

"आदेश मी आणलाय आज."

"हो," त्या म्हणाल्या. "आज आणलात."

त्या चिडून बोलत नव्हत्या. पन्नाशीच्या आसपासच्या बाई, केस अर्धे पिकलेले, पायात रबरी चप्पल. शेवंताच्या मृत्यूबद्दल त्यांचीही खात्यांतर्गत चौकशी चालू होती. लस खराब होती की द्यायला त्या चुकल्या, हे प्रयोगशाळेच्या अहवालावरून ठरायचं होतं. त्यामुळे सर्जेरावइतकीच त्यांचीही नजर त्या पाकिटांवर होती.

सील झालं, पंचांच्या सह्या झाल्या. निघेपर्यंत थंड राहावीत म्हणून पाकिटं परत फ्रीजमध्ये ठेवून मी निघायची तयारी केली. तेव्हा कुंदा सिस्टर म्हणाल्या की तुमची एसटी येऊन गेल्यावर जिल्ह्याच्या रस्त्यावर पुराचं पाणी आलंय, एसटी बंद आहे. घाटातून कोकणात उतरावं तर तिथं दरड कोसळलेली, जेसीबी लावून ती काढायचं काम चाललेलं. मोबाईलला तर आदल्या दिवसापासून रेंज नव्हती.

"म्हणजे आज मुक्काम," मी म्हणालो. मला त्याचं फारसं काही वाटलं नाही. डॉक्टरांच्या खोलीत बसून मी वर्तमानपत्र वाचायला घेतलं. ते दोन दिवसांपूर्वीचं होतं.

रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू आला तेव्हा मी चहा पीत होतो. सर्जेरावला दरडीकडून कुणीतरी बोलवायला आलं होतं, आणि तो ज्याला घेऊन आला तो त्याच जेसीबीचा ऑपरेटर होता. तिशीचा, काळासावळा, अंगानं मजबूत. बकेटमध्ये अडकलेली मुळी काढायला तो खाली उतरला होता आणि दगडांच्या सांदीत घातलेल्या हाताला घोणशीनं धरलं होतं. मनगटापासून कोपरापर्यंत हात सुजून तुकतुकीत झाला होता. मुकादमानं त्याला गाडीत चढवून दिलं होतं आणि तो स्वतः मशीनजवळ थांबला होता. सोबत कुणी नव्हतं.

तो काहीतरी बोलत होता आणि ते कुणालाच कळत नव्हतं. कुंदा सिस्टर हिंदीत विचारत होत्या, तो मान हलवत होता. मी दारात उभा राहून ऐकलं आणि मला कळलं. माझी आई बेळगावकडची, गडहिंग्लजच्या आमच्या घरात कन्नडच बोललं जायचं.

"तो पाणी मागतोय," मी म्हणालो. "आणि म्हणतोय की हाताला आग लागल्यासारखं होतंय."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "त्याला विचारा, नाव काय, किती वेळ झाला."

नाव इरप्पा. विजापूरकडचा. मी कन्नडमध्ये बोलल्याबरोबर त्यानं चांगल्या हातानं माझी बाही धरली आणि ती सोडेना. मी त्या खोलीत पाहुणा होतो, आता मला बाहेर पडता येईना.

डॉक्टरांनी त्याचं थोडं रक्त काचेच्या कोरड्या नळीत घेतलं आणि नळी टेबलावर उभी करून ठेवली. "हलवू नका कुणी," त्या म्हणाल्या. मला समजावं म्हणून त्यांनी सांगितलं, की धडधाकट माणसाचं रक्त वीस मिनिटांत गोठतं. नाही गोठलं, तर विष रक्तात पसरलंय.

आम्ही नळीकडे बघत बसलो. सर्जेराव दाराला टेकून उभा होता. त्याच्या पांढऱ्या शर्टावर चिखल लागला होता, छातीशी थोडं रक्तही. इरप्पाच्या हिरड्यांतून ते येत होतं.

डॉक्टरांनी नळी उचलून आडवी केली. रक्त पाण्यासारखं वाहून काचेच्या दुसऱ्या टोकाला गेलं.

डॉक्टर उठून खिडकीशी गेल्या.

"मॅडम," मी म्हणालो, "काय करायचं?"

"मीच लिहून दिलंय की ती लस वापरण्याजोगी नाही. माझ्या हातानं एक बाई गेलीय तिच्यापायी. किंवा माझ्यापायी." त्या वळल्या. "आणि लस दिली नाही तर हा उद्यापर्यंत जाईल. रक्त थांबणार नाही, किडन्या बंद पडतील. शेटेसाहेब, ती पाकिटं तुमच्या ताब्यात आहेत. मी फक्त सांगितलं, काय आहे ते."

दवाखान्याचा जुना फोन अजून चालू होता. खरखरत होता, पण लागला. मी माझ्या वरिष्ठांना सगळं सांगितलं.

"नियमाप्रमाणे करा, शेटे."

"सर, नियमाप्रमाणे म्हणजे नेमकं काय करू? नमुन्याचं सील फोडलं तर केस जाते. नाही फोडलं तर माणूस जातो."

"ते तुम्हाला माहीत असायला हवं," ते म्हणाले. "मी फोनवर असे आदेश देऊ शकत नाही. नियमाप्रमाणे करा."

मी फोन ठेवला. तो पुन्हा लागला नाही. पुढच्या तासाभरात तीही लाईन गेली.

इरप्पाला सगळं सांगायचं काम माझ्याकडेच आलं, कारण बाकी कुणाचं त्याला कळलं नसतं. मी त्याच्या खाटेवर बसलो. म्हणालो, औषध आहे, पण ते खराब असण्याची शंका आहे. ह्याच औषधानंतर इथं एक बाई दगावली. नाही दिलं तरी धोका आहे, आणि तो जास्त आहे असं डॉक्टर म्हणतात.

त्यानं डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाला, "अण्णा, मी इथं मेलो तर माझ्या आईला कोण सांगणार? मुकादमाकडे माझ्या गावाचा पत्तासुद्धा नाही."

"मी सांगेन."

"तुला पत्ता पाठ करून ठेवावा लागेल," तो म्हणाला, आणि त्यानं तो मला सांगितला. गाव, तालुका, देवळामागचं घर. दोनदा म्हणायला लावला. नंतर म्हणाला, "दे. काय असेल ते."

मी औषधखोलीकडे गेलो. सर्जेराव माझ्या मागून आला आणि फ्रीजच्या आणि माझ्या मध्ये उभा राहिला.

"काय करताय, सायेब?"

"दोन पाकिटं उघडावी लागतील. पहिल्या डोसालाच तेवढी लागतात."

"सकाळी तुम्हीच सांगितलंत, एक कोर्टाचं, एक कंपनीचं."

"तीच दोन. प्रयोगशाळेचं तसंच ठेवतो. खटला उभा राहणार नाही बहुतेक. पण लस कशी होती ते निदान कळेल."

"जे शेवंताच्या अंगात गेलं, तेच त्याच्या अंगात घालणार?"

"हो."

"मी न्हाई म्हणलो तर?"

ह्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत होतं. त्याच्या परवानगीचा काही संबंध नव्हता. तो तक्रारदार होता, माल माझ्या ताब्यातला होता.

"तरी मी उघडीन," मी म्हणालो. "पण तुम्हाला न सांगता उघडणार नाही."

तो हलला नाही. त्याच्या मागे फ्रीजची मोटर घरघरत होती. मग तो बाजूला झाला, तेही माझ्याकडे न बघता, आणि मी लाख फोडली.

पांढरी भुकटी असलेल्या कुप्या. प्रत्येकीत पाणी सोडून ती हळूहळू फिरवायची, जोरात हलवायची नाही, नाहीतर फेस होतो. कुंदा सिस्टर आणि मी शेजारी बसून कुप्या हातात फिरवत राहिलो. शेवंताच्या वेळीही सिस्टरांनीच फिरवल्या होत्या. डॉक्टरांनी रिअ‍ॅक्शनवरचं इंजेक्शन भरून हाताशी ठेवलं, ऑक्सिजनचा मास्क उशाशी ठेवला, आणि लस सलाईनच्या बाटलीत मिसळून नळी सुरू केली.

सर्जेराव आत आला. खाटेच्या पायथ्याशी दोन्ही हातांनी लोखंडी कठडा धरून उभा राहिला आणि इरप्पाकडे बघायला लागला.

आधी मला वाटलं, तो काळजीनं बघतोय. मग लक्षात आलं, की तो त्याच्या ओठांकडे बघतोय. शेवंताचे ओठ आधी थरथरले होते. इरप्पाचे थरथरले, तर लस खराब होती हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ठरणार होतं, पाकिटं नसली तरी. शेवंता का गेली ते ठरणार होतं. डॉक्टर सुटणार होत्या. आणि हे मनात आलं तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मीही ओठांकडेच बघतोय.

बाटली संपत आली. इरप्पाच्या कपाळावर घाम होता, त्याला मळमळत होतं, एकदा त्यानं अंग झटकलं आणि सर्जेरावच्या हाताच्या शिरा ताणल्या. पण ते तेवढंच. डॉक्टरांनी नाडी पाहिली, प्रेशर पाहिलं. ठीक होतं.

बाटली रिकामी झाली. काही झालं नाही.

सर्जेरावनं कठडा सोडला. "मॅडम," तो म्हणाला, "मग शेवंता कशानं गेली?"

डॉक्टर स्टेथोस्कोप गुंडाळत होत्या. त्यांनी तो तसाच हातात धरला. "एकाला जे सोसतं ते दुसऱ्याच्या अंगाला सोसत नाही, असं होतं कधीकधी."

"म्हंजे लस चांगली व्हती?"

"माहीत नाही. एकाच बॅचच्या चार कुप्या चांगल्या आणि एक खराब, असंही असू शकतं."

"का तुमचं काय चुकलं?"

मी मध्ये बोलणार होतो. डॉक्टरांनी हातानं मला थांबवलं.

"मी रोज आठवून बघते, सर्जेराव," त्या म्हणाल्या. "मला सापडत नाही. पण चुकलंच नाही, असं मी शपथेवर सांगू शकत नाही. ते अजून एक पाकीट आहे ना, ते सांगेल."

तो बाहेर गेला.

दुपार तशीच गेली. खिडकीतून घाटाच्या बाजूला जेसीबी दिसत होता, चिखलात हात वर करून थांबलेला. दुसरा ऑपरेटर यायचा तर तोही पाण्यापलीकडून. पाणी वाढलं होतं, खालच्या वळणावरचा मोरीचा कठडा आता दिसत नव्हता. मी व्हरांड्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत होतो. एका टोकाला इरप्पाची खाट, दुसऱ्या टोकाला औषधखोली. दर वेळी मी ठरवत होतो, की आता फ्रीजकडे जायचं नाही, आणि दर वेळी जात होतो.

दिवस मावळायच्या आत डॉक्टरांनी पुन्हा रक्त घेतलं आणि नळी उभी केली. ह्या वेळी त्या नळीकडे बघत बसल्या नाहीत, दुसऱ्या पेशंटांकडे जाऊन आल्या. आल्यावर त्यांनी नळी आडवी केली. थोडा दाटपणा आला होता, पण गोठलं नव्हतं. इरप्पाच्या लघवीत रक्त उतरलं होतं.

"अजून लागेल," त्या म्हणाल्या.

"सगळी?"

"सगळी." त्या खुर्चीवर बसल्या. "मी माणूस आहे, शेटेसाहेब. त्या पाकिटात काय आहे ते जाणून घेण्याची मला फार गरज आहे. म्हणून मी तुम्हाला सांगताना दोनदा विचार केला, की खरंच लागणार आहे ना. खरंच लागणार आहे."

औषधखोलीत अंधारून आलं होतं. सर्जेराव फ्रीजच्या दाराला पाठ लावून जमिनीवर बसला होता. मी आत गेलो तरी उठला नाही. त्याला काही सांगायची गरज नव्हती, माझ्या हातात ट्रे होता.

मीही त्याच्यासमोर जमिनीवर बसलो.

"तुम्ही त्याच्याशी एवढा येळ काय बोलत व्हता?" त्यानं विचारलं. "सकाळी, लस द्यायच्या आधी."

"त्याला आईची काळजी होती. मेलो तर तिला कळणार कसं म्हणाला. मला घराचा पत्ता पाठ करायला लावला."

सर्जेरावनं जमिनीवर पडलेली लाखेची कपची उचलली.

"शेवंता गाडीत काय म्हणली ठावं हाय? गॅसवर दूध हाय म्हणली. बंद करायला कुणाला तरी पाठवा." त्यानं तळहातानं तोंड पुसलं. "मी म्हणलं, गप बस, आता दुधाचं काय. तेच शेवटचं बोलणं आमचं."

मग तो गुडघ्यावर हात टेकून उठला. "घ्या. पर मला आता तिथं थांबाय लावू नका. सकाळी थांबलो, तेवढं बास झालं."

तो जाऊन रुग्णवाहिकेत बसला. मी तिसऱ्या पाकिटाची लाख फोडली.

इरप्पा वाचला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचं रक्त नळीत गोठलं. डॉक्टरांनी नळी उलटी करून मला दाखवली, थेंबही खाली आला नाही. त्याच्या हातावरची कातडी पुढे काळी पडून सुटली, दोन बोटं कायमची आखडली, पण तो वाचला. पाणी उतरल्यावर सर्जेरावनंच त्याला जिल्ह्याला नेऊन सोडलं. त्याच आठवड्यात मोरखिंडीला नवी लस आली. खोक्यावर खोकी आली. संगणकावर आता साठा शून्य दिसत होता.

तीनही पाकिटं कुणाच्या सांगण्यावरून, कशासाठी उघडली, ते सगळं मी पंचनाम्यात लिहिलं. माझ्यावर कारवाई झाली आणि मला लांब चंद्रपूरकडे पाठवलं. कंपनीवरची फाईल नमुन्याअभावी बंद झाली. डॉक्टरांच्या चौकशीचा निष्कर्ष असा निघाला, की मृत्यूचं कारण निश्चित करता येत नाही आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या हातून चूक झाली नसेलच असंही म्हणता येत नाही. त्या शब्दांसह त्या निवृत्त झाल्या. मिरजेला असतात. मी फोन करतो अधूनमधून, त्या मुलाबाळांचं विचारतात.

सर्जेरावला भेटायचं मी टाळत आलो. त्याला काय सांगणार होतो? पण बदलीनंतर बऱ्याच वर्षांनी कामानं त्या बाजूला गेलो आणि गाडी आपसूक त्याच्या घराकडे वळवली. उन्हाळ्याचे दिवस होते. तो पडवीत बसला होता, दाढी पांढरी झालेली. मला त्यानं लगेच ओळखलं.

"बरं झालं आलात," तो म्हणाला. "आज तो येणार हाय."

"कोण?"

"इरप्पा. वर्षातनं एकदा येतो. ज्वारी घेऊन येतो पोतंभर. दोन दिस ऱ्हातो आन् जातो. त्याला धड मराठी येत न्हाई, मला त्याचं कळत न्हाई. बसतो नुसतं." त्यानं पडवीतून रस्त्याकडे पाहिलं. "पहिल्यांदा आला तवा वाटलं, दार लावून घ्यावं. पर येऊ नको म्हणून सांगवंना. ती सगळी लस आता त्याच्याच अंगात हाय, न्हवं? दुसरीकडं कुटंच न्हाई."

मी पडवीत त्याच्याशेजारी बसलो.

"तुम्ही त्याला त्याच्या भाषेत इचारा," सर्जेराव म्हणाला. "नळीतनं जाताना कसं लागलं. थंड लागलं, का अंगावर काटा आला, का ओठ बधिर झालं. मी खुणेनं लई येळा इचारलं. त्याला समजत न्हाई."

दुपारी इरप्पा आला. अंगानं भरला होता. मला बघून तो आधी गोंधळला, मग त्यानं वाकून माझ्या पायांना हात लावला आणि आपल्या गावाचा पत्ता मला म्हणून दाखवायला लावला. मला तो अजून येत होता. तिघं जेवायला बसलो. सर्जेरावनं भात वाढला, आमटी वाढली आणि माझ्याकडे बघितलं.

मी इरप्पाला विचारलं.

तो आठवत राहिला. "लस जाताना कसं लागलं ते काही आठवत नाही, अण्णा," तो म्हणाला. "सगळं धुरकट होतं. हा माणूस तेवढा आठवतो." त्यानं मानेनं सर्जेरावकडे खूण केली. "माझ्या पायाशी उभा होता. नजर हलवत नव्हता माझ्या तोंडावरून. मला वाटलं, ह्या परक्या मुलखात एक माणूस असा आहे ज्याला मी मरायला नकोय. मी त्याच्याकडे बघत राहिलो, झोप लागू दिली नाही. म्हणून येतो मी दर वर्षी."

"काय म्हणतोय?" सर्जेरावनं विचारलं.

मी जसंच्या तसं मराठीत सांगितलं. दुसरं काही सांगण्याइतका वेळही नव्हता, तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

सर्जेरावचा हात ताटातच थांबला. मग तो खाली बघून म्हणाला, "त्याला सांगा, मी कशापायी बघत व्हतो ते."

"कशाला, सर्जेराव?"

"सांगा. इतकी वर्सं ज्वारी आणतोय."

मी सांगितलं. शेवंताचं, ओठांचं, सगळं. कन्नडमध्ये मला शब्द सापडायला वेळ लागत होता. इरप्पा ऐकत होता, त्याच्या आखडलेल्या बोटांवर भात वाळत होता. माझं संपल्यावर तो सर्जेरावकडे वळला आणि त्यानं आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत, माझी मदत न घेता विचारलं, "मग कळला का, दादा?"

"न्हाई," सर्जेराव म्हणाला, आणि त्यानं आमटीचं पातेलं इरप्पाकडे सरकवलं.